मध्यम आकाराचे शहर राहण्याजोगे आहे का, हे सार्वजनिक आकडेवारीवरून कसे ठरवावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीतील बदलीमुळे प्रश्नकर्त्यांना दोन शहरांपैकी एक निवडायचे आहे. दोन्ही शहरांची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आहे. घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत आणि शाळेत जाणारी मुलगी आहे. राहणीमानाच्या एका क्रमवारीत पहिल्या शहराला ७१ गुण मिळाले आहेत, तर दुसऱ्याला ६४. या सात गुणांच्या फरकावर विसंबून निर्णय घ्यावा का, आणि घेऊ नये असे असेल तर सर्वांसाठी खुल्या असलेल्या आकडेवारीतून स्वतःचे मत कसे बनवावे, असे त्यांनी विचारले आहे.

सात गुणांवर निर्णय घेऊ नये, हे माझे उत्तर आहे. पण त्यामागची आकडेवारी टाकाऊ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. शहर नियोजनासाठी आकडेवारी तपासण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करत आले आहे. या काळात चुकीच्या आकड्याने माझी फसगत क्वचितच झाली. बहुतेक वेळा आकडा बरोबरच होता, फक्त तो ज्या लोकांचा आहे असे मी गृहीत धरले होते त्यांचा तो नव्हता. म्हणून कोणताही तक्ता हाती आला की मी आधी दोन गोष्टी शोधते: मोजले कोणाला, आणि भागले कशाने. शाळेत शिकलेले अंश आणि छेद इथे अक्षरशः कामाला येतात, आणि मध्यम शहरांच्या बाबतीत घोळ बहुधा छेदात असतो.

आधी क्रमवारीचा विषय संपवू. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध क्रमवारी इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या ब्रिटिश संशोधन संस्थेची. ती स्थैर्याला २५, आरोग्यसेवेला २०, संस्कृती व पर्यावरणाला २५, शिक्षणाला १० आणि पायाभूत सुविधांना २० टक्के भार देते. परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, हे ठरवण्यासाठी कंपन्या तिचा उपयोग करतात. त्या कामासाठी ही विभागणी योग्य असेलही, पण ज्या घरात दोन वृद्ध माणसे आहेत त्या घराचे भार असे नसतात. भार बदलला की निकाल कसा उलटतो हे एका कल्पित उदाहरणात पाहा. एका शहराला आरोग्यात ८० आणि घरांच्या उपलब्धतेत ५० गुण आहेत. दुसऱ्याला अनुक्रमे ६० आणि ७५. आरोग्याला ६० टक्के भार दिला तर पहिले शहर ६८ विरुद्ध ६६ असे पुढे जाते. भार उलटा केला तर तेच शहर ६२ विरुद्ध ६९ असे मागे पडते. शहरांत काहीही बदललेले नाही. म्हणून एकूण गुण बाजूला ठेवावेत आणि ते ज्या घटकांपासून बनले त्या घटकांचे मूळ तक्ते मिळवावेत.

आता हद्दीकडे वळू, कारण पुढचे जवळजवळ सगळे तिच्यावर अवलंबून आहे. अमेरिकेतील सेंट लुइस हे शहर १८७६ मध्ये आपल्या काउंटीपासून (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागापासून) वेगळे झाले आणि त्याची हद्द तेव्हापासून गोठल्यासारखी आहे. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख होती, तर त्याच्या भोवतीच्या महानगर क्षेत्राची सुमारे २८ लाख. कामासाठी, खरेदीसाठी, सामन्यांसाठी आसपासचे लोक शहरात येतात. त्यांच्यापैकी कोणाविरुद्ध गुन्हा घडला तर तो शहराच्या अंशात धरला जातो, पण ती व्यक्ती शहराच्या छेदात नसते. शिवाय सुस्थितीतील उपनगरे हद्दीबाहेर आहेत. त्यामुळे दर लाख लोकसंख्येमागील गुन्ह्यांच्या यादीत हे शहर वर्षानुवर्षे वरच्या जागी दिसते. तेथे गुन्हेगारीचा प्रश्न गंभीर आहे, हे खरे. परंतु ज्या शहराने आजूबाजूची शेते आणि नव्या वसाहती हद्दीत सामावून घेतल्या आहेत त्याच्या दराशी या दराची तुलना करता येत नाही. अमेरिकेची एफबीआय ही केंद्रीय तपास संस्थाच असे आकडे प्रसिद्ध करताना त्यांवरून शहरांची क्रमवारी लावू नये, असा इशारा देत आली आहे.

या अडचणीवर उपाय आहे. युरोपीय संघ आणि ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना यांनी मिळून शहराची कार्यात्मक व्याख्या ठरवली आहे. तीत दाट वस्तीचा गाभा घेतात आणि ज्या भागांतील किमान १५ टक्के नोकरदार कामासाठी त्या गाभ्यात येतात ते भाग त्याला जोडतात. तुम्ही पाहत असलेल्या शहरांसाठी असे क्षेत्र आखलेले असेल तर तेच वापरावे. नसेल तर निदान नकाशा काढून दोन्ही हद्दींचे क्षेत्रफळ आणि घनता शेजारी-शेजारी मांडावी. चार लाखांचे एक शहर ८० चौरस किलोमीटरमध्ये असेल आणि चार लाखांचे दुसरे ३०० चौरस किलोमीटरमध्ये, तर त्यांचे ‘दर लाखामागे’ हे शब्द सारखे असले तरी अर्थ सारखा नसतो. मागच्या दहा वर्षांत हद्दवाढ झाली आहे का, हेही पाहावे. हद्दवाढीच्या वर्षी लोकसंख्या उसळते, दर खाली येतात, आणि त्या घटीचे श्रेय घेणारे पुष्कळ असतात.

मध्यम शहराची दुसरी अडचण मोठ्या महानगरांना फारशी भेडसावत नाही: संख्या लहान असतात. चार लाखांच्या शहरात एका वर्षी १२ खून झाले आणि पुढच्या वर्षी १८, तर दर लाखामागे ३ वरून ४.५ वर गेला आणि ‘खुनांत ५० टक्के वाढ’ असा मथळा तयार झाला. पण अशा विरळ घटनांमध्ये नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार मूळ संख्येच्या वर्गमुळाएवढा सहज असतो. १२ चे वर्गमूळ साडेतीनच्या जवळ आहे, आणि दोन वर्षांतील फरकासाठी १२ व १८ ची बेरीज, म्हणजे ३०, घेऊन तिचे वर्गमूळ पाहावे लागते. ते साडेपाच येते. प्रत्यक्ष फरक सहाचा आहे. शहरात काहीही बिघडले नसताना इतका फरक पडू शकतो. अर्भक मृत्युदराचेही तसेच आहे. वर्षाला ५,००० जन्म आणि ५० अर्भकमृत्यू असतील तर दर हजारी १० येतो, पण त्याची विश्वासार्ह मर्यादा, म्हणजे योगायोग जमेस धरल्यावर खरा दर जिथे असू शकतो तो पट्टा, साधारण ७ ते १३ अशी पसरते. म्हणजे ९ आणि ११ दर असलेल्या दोन शहरांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवायला त्या एका वर्षाच्या आकड्यात आधार नाही. मी एका वर्षाचा आकडा कधीच वापरत नाही. पाच वर्षांची बेरीज करते आणि पाच वर्षांच्या लोकसंख्येने भागते. हे काम साध्या कॅल्क्युलेटरवर होते आणि निम्म्या क्रमवारींचा फुगा इथेच फुटतो.

मृत्युदरांबाबत आणखी एक गोष्ट सांगणे मला फार गरजेचे वाटते, कारण तिच्यामुळे चांगली शहरे नाहक बदनाम होतात. मृत्यूची नोंद अनेक ठिकाणी घटना जिथे घडली तिथे होते, माणूस राहतो तिथे नव्हे. मध्यम शहर हे बहुधा मोठ्या ग्रामीण टापूचे उपचारांचे ठिकाण असते. गुंतागुंतीचे बाळंतपण, अपघात, शेवटच्या टप्प्यातील आजार हे सगळे त्याच्या रुग्णालयांत येते. रुग्णालय जितके चांगले, तितके दूरचे आणि अधिक गंभीर रुग्ण तेथे येतात आणि तितके मृत्यू त्या शहराच्या खात्यावर चढतात. अशा तक्त्यात उत्तम नवजात अतिदक्षता विभाग असलेले शहर बाळांसाठी धोक्याचे दिसते आणि जिथून गंभीर बाळे पुढे पाठवली जातात ते शहर सुरक्षित दिसते. म्हणून तक्त्याच्या डोक्यावर किंवा तळटीपेत ‘नेहमीच्या निवासस्थानानुसार’ असे शब्द आहेत का, हे शोधावे. ते नसतील तर त्या मृत्युदरावरून शहर जोखू नये. त्याऐवजी लोकसंख्येमागे खाटा, डॉक्टर आणि परिचारिका किती, हे पाहावे, आणि तेही पाहताना त्या खाटांवर शेजारच्या टापूचाही हक्क आहे, हे लक्षात ठेवावे.

वयाचा प्रश्नही याला लागूनच येतो. निवृत्तांच्या शहरात अशोधित, म्हणजे वय लक्षात न घेता काढलेला, मृत्युदर जास्तच असणार आणि विद्यार्थ्यांच्या शहरात कमी. वयोगटांनुसार प्रमाणित केलेला, म्हणजे दोन्ही शहरांची वयरचना सारखी धरून काढलेला, दर मिळाला तरच तुलना करावी. गरिबीच्या दरातही असेच होते. अमेरिकेच्या जनगणना विभागाने विद्यापीठांच्या शहरांचा अभ्यास केला होता. वसतिगृहात राहणारे विद्यार्थी तेथील गरिबीच्या मोजणीत धरले जात नाहीत, पण बाहेर खोली घेऊन राहणारे धरले जातात, आणि त्यांचे स्वतःचे उत्पन्न नगण्य असते. त्यांना वगळून पाहिले तर काही शहरांचा गरिबीचा दर लक्षणीय खाली येतो.

गुन्ह्यांच्या नोंदींबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे: एकूण गुन्ह्यांचा आकडा वापरू नये. नोंदवलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९७३ पासून थेट घरोघरी विचारून गुन्ह्यांचे सर्वेक्षण होते, आणि हिंसक गुन्ह्यांपैकी निम्म्याहून कमीच पोलिसांपर्यंत पोचतात असे त्यातून दिसत आले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांच्या आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा विश्वासार्ह सरकारी आकडेवारीला मिळणारा दर्जा जानेवारी २०१४ मध्ये काढून घेण्यात आला, कारण नोंदी पुरेशा विश्वासार्ह राहिल्या नव्हत्या. ज्या शहरात तक्रार घेतली जाते, स्त्रियांना पोलीस ठाण्यात जाण्याचा धीर वाटतो, तिथे आकडा वाढतो. म्हणून मी दोनच गोष्टी पाहते: खून, कारण मृतदेह लपवणे कठीण असते, आणि वाहनचोरी, कारण विम्यासाठी तक्रार करावीच लागते. दोन्ही पाच वर्षांच्या सरासरीने.

हवेसाठी वार्षिक सरासरी हा चांगला आरंभ आहे. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये घनमीटरला १० मायक्रोग्रॅम ही वार्षिक पातळी सुचवली होती. २०२१ मध्ये ती ५ वर आणली आणि २४ तासांसाठी १५ ही पातळी ठेवली. परंतु आठ महिने २५ आणि चार महिने ८० अशी हवा असलेल्या शहराची सरासरी ४३ येते, आणि वर्षभर ४३ असलेल्या शहराचीही ४३ च येते. दमेकरी वडिलांना मात्र ते चार महिने काढायचे असतात. म्हणून महिनावार आकडे घ्यावेत. मापनकेंद्रे किती आणि कुठे आहेत, हेही पाहावे, कारण मध्यम शहरात ती एक-दोनच असू शकतात. बागेतले केंद्र आणि वाहतुकीच्या चौकातले केंद्र एकाच शहराच्या दोन वेगळ्या कथा सांगतात. वर्षातील किती दिवसांची नोंद प्रत्यक्ष उपलब्ध आहे, हा आकडा सहसा कोणी पाहत नाही. गाळलेले दिवस नेमके वाईट हंगामातले असतील तर सरासरी आपोआप सुधारते.

पाण्याबाबत मला थोडे थांबावेसे वाटते. ‘९८ टक्के घरांना नळजोडणी’ या वाक्यात पाणी किती वेळ येते आणि ते पिण्याजोगे आहे का, यांतले काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त मोजणीत ‘सुरक्षितपणे व्यवस्थापित’ पाणी म्हणजे घराच्या आवारात असलेले, हवे तेव्हा मिळणारे आणि दूषित नसलेले पाणी. जोडणी ही त्यांतली एकच अट आहे. मात्र गुणवत्तेचा आकडा असूनही काय घडू शकते, हे फ्लिंटमध्ये दिसले. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील हे तेव्हा साधारण एक लाख वस्तीचे शहर होते. एप्रिल २०१४ मध्ये तेथील पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी सुरू करण्यात आले. त्या पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया झाली नाही आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. नियम असा होता की नमुने चढत्या क्रमाने लावल्यावर ९० टक्क्यांच्या जागी येणारे शिशाचे प्रमाण अब्जांशी १५ भागांहून जास्त निघाले तर कारवाई करायची. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत ७१ नमुने घेण्यात आले. त्यांतील जास्त शिसे असलेले दोन नमुने वगळण्यात आले आणि शहर मर्यादेच्या आत आले.

त्यानंतरचा भाग हद्दीशी जोडलेला आहे. मुलांच्या रक्तातील शिसे राज्य शासन तपासत होतेच, पण त्याचे विश्लेषण टपालाच्या पिनकोडसारख्या विभागांनुसार होत असे. हे विभाग शहराच्या हद्दीबाहेर पसरलेले होते आणि बाहेरच्या घरांना हे पाणी मिळतच नव्हते. त्या मुलांमुळे छेद फुगला आणि वाढ दिसेनाशी झाली. बालरोगतज्ज्ञ मोना हन्ना-अतिशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे पत्ते प्रत्यक्ष शहराच्या हद्दीवर बसवले, तेव्हा पाण्याचा स्रोत बदलल्यानंतर पाच वर्षांखालील मुलांत शिशाची पातळी वाढलेल्यांचे प्रमाण २.४ वरून ४.९ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. सर्वाधिक धोक्याच्या वॉर्डांत ते ४ वरून १०.६ टक्क्यांवर गेले होते. रेघ योग्य जागी ओढली गेली म्हणून हे दिसले. शहराच्या सरासरीवर समाधान मानू नका, वॉर्डनिहाय मागा, असे मी ज्याला-त्याला सांगते ते यामुळे.

घरभाड्याचे तक्ते वाचताना एवढेच पाहावे की ते कोणाचे भाडे आहे. सर्वेक्षणातील मध्यक भाड्यात (सगळी भाडी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या भाड्यात) दहा-दहा वर्षे त्याच घरात राहणारे भाडेकरू असतात. नव्याने येणाऱ्याला आजच्या दराने घर मिळते. बेरोजगारीचा कमी दरही लगेच चांगला समजू नये. काम न मिळाल्याने तरुण शहर सोडून गेले, तर ते बेरोजगारांत मोजले जात नाहीत आणि दर सुधारलेला दिसतो. त्याच्या सोबत श्रमशक्तीतील सहभागाचा दर, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या लोकांचे प्रमाण, ठेवला तर चित्र थोडे स्पष्ट होते. पूर्ण स्पष्ट होते ते पुढील पद्धतीने.

ही पद्धत मला इतर सर्वांपेक्षा विश्वासाची वाटते. दोन जनगणनांमधले वयोगटांचे तक्ते घ्यावेत. पहिल्या जनगणनेत १५ ते १९ वयाचे जितके लोक होते, ते दहा वर्षांनी २५ ते २९ वयाचे झालेले असणार. समजा पहिल्या वेळी ते ४०,००० होते आणि दहा वर्षांनी त्या गटात ३१,००० आढळले. या वयात मृत्यू फार थोडे होतात. ते काही शेकड्यांत धरले तरी साडेआठ हजारांहून अधिक तरुण आले त्यापेक्षा जास्त निघून गेले आहेत. आता हेच २५ ते २९ या गटासाठी करावे, जो दहा वर्षांनी ३५ ते ३९ झाला. इथे संख्या वाढली असेल आणि तिच्याबरोबर ० ते ४ वयाची मुले दहा वर्षांनी १० ते १४ होताना वाढलेली दिसत असतील, तर शिक्षणासाठी बाहेर गेलेले किंवा नवे लोक कुटुंबासह येथे येऊन वसत आहेत. तरुण गेले पण कुटुंबे आली, हे मध्यम शहराचे निरोगी लक्षण मी मानते. तरुणही गेले आणि कुटुंबेही गेली, तर उद्यानांचे आणि सायकल मार्गांचे गुण कितीही असोत, तेथे राहणाऱ्यांनी आपले मत पायांनी दिलेले असते. सत्तरीच्या पुढच्या गटाचेही असेच पाहावे. वृद्ध लोक शहर सोडून मुलांकडे जात असतील तर उपचार, वाहतूक आणि एकटेपणा यांबद्दल तो तक्ता काही सांगत असतो. या हिशोबाला कोणाच्या भारांकनाची गरज नाही, प्रश्नावली नाही, फक्त दोन्ही वेळची हद्द एकच असल्याची खात्री हवी. हद्दवाढ झाली असेल तर नवे भाग वजा करून मगच आकडे लावावेत. घरे इतकी महाग झाली असतील की येऊ इच्छिणाऱ्यांना येताच येत नाही, तर लोक कमी झालेले दिसतील पण कारण वेगळे असेल. तेव्हा भाड्याचा तक्ता सोबत ठेवावा.

तुमच्या दोन शहरांपुरते सांगायचे तर मी एका कागदावर दोन उभे रकाने आखले असते आणि मोजक्याच ओळी ठेवल्या असत्या: महिनावार हवा, वॉर्डनिहाय पाण्याचे तास आणि चाचण्यांचे निकाल, लोकसंख्येमागे डॉक्टर व खाटा, पाच वर्षांचे खून, वाहनचोऱ्या आणि रस्त्यावरील मृत्यू, आजचे भाडे, आणि वरील वयोगटांचा हिशोब. प्रत्येक ओळीपुढे वर्ष आणि हद्द लिहिली असती. बेरीज केली नसती. आई-वडिलांसाठी हवा आणि उपचार या ओळी निर्णायक आहेत. तेथे एक शहर स्पष्टपणे मागे असेल तर मुलीच्या शाळेचे चांगले गुण ती उणीव भरून काढू शकत नाहीत, कारण बेरजेत एकाची कमतरता दुसऱ्याने भरते, पण घरात तसे होत नाही. शाळेचे निकालही वाचताना किती मुले परीक्षेला बसली आणि किती मुले त्याआधी गळली, हे दोन्ही आकडे मागावेत.

काही रकाने रिकामे राहतील. रिकाम्या रकान्यात अंदाजाचा आकडा भरू नये आणि तो शून्यही धरू नये. क्रमवारी बनवणारे पुष्कळदा राज्याची सरासरी तिथे बसवतात आणि वाचणाऱ्याला ते कळत नाही. पाण्याच्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध नसतील तर पाणीपुरवठा विभागाकडे लेखी अर्ज करून मागावेत, कारण चाचण्या होत असतील तर नोंदवही असतेच. दोन्ही शहरांना एकाच दिवशी, त्याच शब्दांत अर्ज करावा, आणि उत्तर कोणाकडून किती दिवसांत, कोणत्या वॉर्डांचे आणि कोणत्या तारखांचे आले, हे त्याच कागदावर लिहून ठेवावे.